पंधरा मिनिटांचा दर आणि दीड लाखाची पदवी

(अमेरिकेतल्या डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, अभ्यासक्रमांचा खर्च आणि कॉलेजची निवड या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय तुम्ही वाचलेलाच आहे. मुलाला किंवा मुलीला फिजिकल थेरपीच्या दोन-तीन विद्यापीठांतून प्रवेशाची पत्रं आली आहेत, प्रत्येकाची फी वेगळी आहे, आणि आता निवडायचं कसं? मला पाऊण तास मिळालाय. आकडेमोड शेवटी करू, तिला दहा मिनिटं पुरतात. त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे. फीच्या चर्चेत ती कुणी काढत नाही, आणि ती काढल्याशिवाय आकडे समोर मांडले तरी त्यांचा अर्थ लागत नाही. या व्यवसायात पैसे कोण देतो आणि काय बघून देतो, ही ती गोष्ट.

आधी जरा हात वर करा. प्रवेशाचं पत्र आल्यावर घरात पहिला प्रश्न "कितवा नंबर आहे गं त्या कॉलेजचा?" असा कोणी विचारला? बरेच हात आले. ज्यांनी हात वर केले नाहीत त्यांच्या शेजारची मुलं हसतायत, म्हणजे ते हातही मी मोजून टाकते.

तर त्या नंबराबद्दल. यू. एस. न्यूजची कॉलेजांच्या क्रमवारीची यादी सगळ्यांना पाठ असते, ती बनते कशी ते फारसं कोणी वाचत नाही. फिजिकल थेरपीच्या यादीसाठी अभ्यासक्रमांच्या प्रमुखांना आणि प्राध्यापकांना एक प्रश्नावली जाते. त्यांनी इतर अभ्यासक्रमांना एक ते पाच गुण द्यायचे. संपलं. त्यात फी नाही, परवाना परीक्षेचा निकाल नाही, मधेच किती मुलं गळाली ते नाही. ताटावर न बसता शेजारणीच्या स्वयंपाकाला गुण द्यायचा हा प्रकार आहे. वासावरून काही अंदाज येतो, नाही असं नाही. पण त्या वासासाठी ऐंशी हजार डॉलर जास्त मोजायचे असतील तर निदान झाकण उघडून बघायला हवं.

आता पैसे देणाऱ्याकडे येते. हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे वेळेचं भान सुटलं तर समोरून हात दाखवा.

क्लिनिकमध्ये गुडघा बदललेले एक आजोबा आले आहेत. थेरपिस्टने त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. त्याचं बिल ९७११० या कोडखाली जातं, त्याला थेराप्युटिक एक्सरसाइज म्हणतात. हा कोड पंधरा मिनिटांच्या एककात मोजला जातो. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, आठ मिनिटांचा नियम आहे: आठ ते बावीस मिनिटं झाली तर एक एकक, तेवीस ते सदतीस झाली तर दोन, अडतीस ते बावन्न झाली तर तीन. सात मिनिटांचे शून्य. म्हणून घड्याळाकडे बघत उपचार करणारा थेरपिस्ट दिसला तर त्याला घरी जायची घाई आहे असं समजू नका, तो एककं मोजतोय.

त्या एककाचा दर ठरतो कसा? कामाचं, जागा-साधनांच्या खर्चाचं आणि व्यावसायिक विम्याचं, अशा तीन घटकांचं सापेक्ष मूल्य घेतात. त्याला त्या भागातल्या महागाईचा गुणक लावतात आणि शेवटी एका डॉलरच्या आकड्याने गुणतात. हा आकडा म्हणजे कन्व्हर्जन फॅक्टर. ९७११० च्या एका एककाचे असे तीस डॉलरच्या आतबाहेर होतात. आता बिलाच्या त्या फॉर्मवर काय काय असतं बघा. रुग्णाचं नाव, निदानाचा कोड, उपचाराचा कोड, तारीख, एककं, थेरपिस्टचा राष्ट्रीय क्रमांक. पदवी कुठल्या विद्यापीठाची, ती किती डॉलरला पडली, याला तिथे रकाना नाही. तुम्ही काम कुठे करता त्याने दर बदलतो. तुम्ही शिकलात कुठे त्याने बदलत नाही.

इथवर कुणाचं दुमत नसतं. माझी खरी तक्रार पुढची आहे.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रिकन्स्ट्रक्शन एड म्हणून बायका तयार केल्या गेल्या, काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर. त्यांच्यातल्याच मेरी मॅकमिलन १९२१ मध्ये या व्यवसायाच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. पुढे प्रमाणपत्राची बॅचलर पदवी झाली, बॅचलरची मास्टर्स झाली. १९९३ मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठाने व्यवसायात प्रवेशासाठीची पहिली डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, सुरू केली. २००२ पासून मान्यता देणाऱ्या कॅप्टी या संस्थेने बॅचलर अभ्यासक्रमांना मान्यता देणं थांबवलं. २०१५ च्या अखेरीपर्यंत सगळ्यांना डीपीटीवर यावंच लागलं. व्यवसायाच्या दृष्टीने यात चांगलं बरंच आहे, ते मी नाकारत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय रुग्ण थेट तुमच्याकडे येणार असेल, तर त्याची पाठ स्नायूमुळे दुखतेय की आत काही भलतंच आहे, हे ओळखायचं शिक्षण हवंच.

पण पदवी लांबली, फी वाढली, आणि दर? २००१ मध्ये मेडिकेअरचा कन्व्हर्जन फॅक्टर ३८.२६ डॉलर होता. २०२५ मध्ये तो ३२.३५ होता. महागाई धरून नव्हे, नुसता आकडा खाली आला. २०२६ साठी तो ३३.४० केला, तर लगेच वाढला वाढला म्हणून आनंद झाला. चोवीस वर्षांत जवळपास सहा डॉलर गेले, त्यातला एक परत आला. शिवाय एकाच दिवशी एकाच रुग्णाला दोन-तीन प्रकारचे उपचार दिले, तर पहिल्यानंतरच्या उपचारांच्या जागा-साधनांच्या भागात २०१३ पासून निम्मी कपात. थेरपी असिस्टंटने दिलेल्या सेवेला २०२२ पासून पंच्याऐंशी टक्केच. खासगी विमा कंपन्या त्यांचे दर बहुधा मेडिकेअरकडे बघूनच बांधतात.

थोडक्यात, १९८५ साली बॅचलर होऊन बाहेर पडलेला थेरपिस्ट आणि २०२५ साली डॉक्टर होऊन बाहेर पडलेली मुलगी शेजारशेजारच्या टेबलांवर काम करतायत आणि दोघांच्या पंधरा मिनिटांना मेडिकेअर एकच दर देते. क्लिनिकचा मालक पगार देणार तो या दरातूनच. एका थेरपिस्टने दिवसाला किती एककं बिल केली यावर त्याचं गणित चालतं. तो काही दुष्ट माणूस नसतो. त्याच्या गल्ल्यात जे येतं त्यातूनच तो देणार. म्हणून नव्या थेरपिस्टला त्याच शहरातल्या दोन क्लिनिकांत मिळणाऱ्या पगारांत जेवढा फरक असतो, तेवढाही स्वस्त आणि महाग विद्यापीठाच्या पदवीमुळे पडत नाही. रुग्णालयात पगाराच्या श्रेणी अनुभवाच्या वर्षांवर ठरतात. कामाच्या प्रकाराने मात्र फरक पडतो. घरी जाऊन उपचार करण्याचं काम, म्हणजे होम हेल्थ, जास्त देतं, आउटपेशंट क्लिनिक कमी. आणि मुलांना बहुतेक वेळा आउटपेशंटच हवं असतं, कारण तिथे खेळाडू येतात. येतात, पण त्यांच्याआधी आपले गुडघ्याचे आजोबा येतात.

इथे कुणीतरी म्हणेल, मग नावाला काहीच किंमत नाही का? आहे, दोन-तीन ठिकाणी. मुलीला पुढे संशोधनात जायचं असेल, पीएचडी करून शिकवायचं असेल, तर ज्या विद्यापीठात प्रयोगशाळा आहेत, अनुदानं येतात, तिथे असण्याचा उपयोग होतो. पदवीनंतर न्यूरोलॉजीची किंवा स्पोर्ट्सची रेसिडेन्सी करायची असेल, तर तिथल्या प्राध्यापकांची ओळख आणि शिफारस कामी येते. आणि विद्यापीठाचं स्वतःचं मोठं रुग्णालय असेल, तर क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णांवरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, जागांसाठी वणवण होत नाही. पण "नाव मोठं आहे" एवढंच म्हणून भागत नाही. यातलं नेमकं काय विकत घेतोय, ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

सरासरी पगाराचाही एक घोळ आहे, तो इथेच सोडवू. कामगार सांख्यिकी खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यात फिजिकल थेरपिस्टचा मध्यम वार्षिक पगार १,०१,०२० डॉलर आहे. तो आकडा घेऊन मंडळी कर्जाचं गणित मांडतात. अहो, तो मधल्या माणसाचा पगार आहे, आणि त्या रांगेत पंचवीस वर्षं काम केलेलेही उभे आहेत. तुमचा मुलगा रांगेच्या सुरुवातीला उभा राहणार आहे. मी आजच्या हिशोबाला ऐंशी हजार धरणार आहे. त्याच्या राज्यातल्या नोकरीच्या जाहिराती बघून तुम्ही तुमचा आकडा घाला.

आता फीच्या कागदाकडे. विद्यापीठाच्या पानावरचा आकडा बघून दोन कॉलेजांची तुलना करू नका, कारण दोघं एकच गोष्ट मोजत नसतात.

एकाने "वार्षिक" फी लिहिलेली असते आणि वर्ष धरलेलं असतं दोन सेमिस्टरचं. डीपीटीला उन्हाळ्याची सुट्टी जवळपास नसते. तीन वर्षांत आठ किंवा नऊ सत्रं होतात. वार्षिक आकड्याला तीनने गुणलंत, की उन्हाळ्याची दोन-तीन सत्रं हिशोबातून गळतात. दुसऱ्याने प्रति क्रेडिट दर लिहिलेला असतो, मग एकूण क्रेडिट किती ते अभ्यासक्रमाच्या तक्त्यातून मोजायचं. तिसऱ्याने सगळ्या कार्यक्रमाची एकरकमी फी दिलेली असते, ती सर्वांत सोपी. शिवाय छापलेला आकडा यंदाचा. दरवर्षी चार टक्के वाढ धरली, तर पस्तीस हजारांचं तिसरं वर्ष जवळपास अडतीस हजारांवर जातं. काही ठिकाणी प्रवेशाच्या वर्षाची फी शेवटपर्यंत गोठवतात. ते लेखी विचारून घ्या.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो फुकट आहे. कॅप्टीच्या नियमानुसार प्रत्येक अभ्यासक्रमाला आपल्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठी आर्थिक माहितीचं पत्रक ठेवावं लागतं. फी, इतर शुल्कं, एकूण खर्च, सगळं एका ठरलेल्या नमुन्यात. दोन विद्यापीठांची पत्रकं शेजारी ठेवली की एकाच मापाने मोजता येतं. जाहिरातीच्या रंगीत पानांपेक्षा हे कंटाळवाणं पान आधी उघडा.

त्या पत्रकातही पूर्ण न दिसणारा सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे क्लिनिकल. पूर्णवेळ क्लिनिकल अनुभव निदान तीस आठवड्यांचा हवा, असा कॅप्टीचा दंडक आहे. हे आठवडे तुम्ही आठवड्याला चाळीस तास काम करता, त्याचा पगार बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि त्या काळात फी मात्र चालू राहते. म्हणजे काम करायचं आणि वर पैसेही भरायचे. त्यात जागा दुसऱ्या शहरात मिळाली, की इकडच्या खोलीचं भाडं करारामुळे सुटत नाही आणि तिकडे नवं भाडं सुरू. दहा-बारा आठवड्यांचं रोटेशन, महिन्याला हजार-बाराशेची खोली, गाडी, पेट्रोल. एका बाहेरच्या रोटेशनला चार-पाच हजार डॉलर सहज लागतात. म्हणून प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न विचाराच: गेल्या वर्षीच्या वर्गातल्या किती जणांना एकही रोटेशन गावाबाहेर करावं लागलं नाही? "आमचे दोनशे क्लिनिकांशी करार आहेत" हे याचं उत्तर नव्हे. करार दोनशे असतात, तुमच्या आठवड्यात उघड्या जागा बारा असतात.

किरकोळ खर्च मी भराभर सांगते. शरीरविच्छेदनाचं प्रयोगशाळा शुल्क, गुन्हे-नोंद तपासणी, ड्रग टेस्ट, लशी, सीपीआर, व्यावसायिक विमा, गोनिओमीटर, गेट बेल्ट, रिफ्लेक्स हॅमर. शेवटी परवान्याची राष्ट्रीय परीक्षा, एनपीटीई, तिचे ४८५ डॉलर, परीक्षा केंद्राचं वेगळं शुल्क, राज्याच्या परवान्याचं वेगळं, आणि तयारीच्या क्लासचं आणखी वेगळं. सगळं मिळून दोन-तीन हजार बाजूला ठेवा. त्यावरून कॉलेज मात्र ठरवू नका, हे सगळीकडे सारखंच आहे.

शिष्यवृत्तीचं पत्र आलं की घरात पेढे वाटतात. वाटा, पण आधी तीन ओळी शोधा. ती फक्त पहिल्या वर्षाला आहे की दरवर्षी? किती जीपीए राखला नाही तर जाते? आणि फी वाढली तर ती वाढते का? पहिल्या वर्षाचे दहा हजार म्हणजे तीन वर्षांचे तीस हजार नव्हेत. दुसरीकडचं जास्त चांगलं पत्र हातात असेल, तर पहिल्या ठिकाणच्या आर्थिक मदत कार्यालयाला सभ्य भाषेत लिहून विचारायला हरकत नाही. मात्र डिपॉझिट भरण्याआधी. डिपॉझिट भरून झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

स्वतःच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ असेल, तर फीत मोठा फरक पडतो. दुसऱ्या राज्यात जाऊन वर्षभर राहिलं की आपोआप रहिवासी होतो, या भरवशावर मात्र राहू नका. शिकायलाच आलात हे दिसत असेल, तर बरीच राज्यं ती दारं बंद ठेवतात. पश्चिमेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी विचे या संस्थेच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजना बघाव्यात, त्यांत फिजिकल थेरपी आहे. काही राज्यं मात्र त्या बदल्यात परत येऊन काम करण्याची अट घालतात. आणि ज्यांना गणवेशाची हरकत नाही त्यांच्यासाठी सैन्य आणि बेलर विद्यापीठाचा सॅन अँटोनिओचा कार्यक्रम आहे. तिथे फी तर नाहीच, उलट अधिकाऱ्याचा पगार मिळतो. बदल्यात सेवेची वर्षं द्यावी लागतात.

भारतात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची बॅचलर पदवी, केलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी विचारणारेही इथे आहेत, त्यांना दोन वाक्यांत. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर संघीय, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज मिळत नाही, सरकारी विद्यापीठातही बाहेरच्यांचाच दर लागतो आणि पदवीनंतरची कामाची परवानगी बारा महिन्यांची असते, स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांची, वाढीव मुदत मिळत नाही. म्हणून परत पहिल्यापासून डीपीटी करण्याआधी, आपल्या पदवीचं मूल्यमापन करून थेट एनपीटीईला बसता येतं का, हे त्या-त्या राज्याच्या नियमांत आधी तपासा. तो खर्च हजारांत असतो, लाखांत नाही.

बरं, चिठ्ठी आलीय. बारा मिनिटं. म्हणजे जे सांगायला मला बोलावलं, ते आता धावत.

आधी चाळणी. कॅप्टीची पूर्ण मान्यता आहे का? नवा अभ्यासक्रम असेल तर तो आधी उमेदवार असतो. मान्यतेचा अंतिम निर्णय पहिली तुकडी बाहेर पडायच्या सुमारास होतो, आणि तो प्रतिकूल गेला तर परीक्षेला बसणंच अडतं. तिथे फीत घसघशीत सवलत नसेल, तर ही जोखीम का घ्यायची? मग तीन आकडे: पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, परवाना परीक्षेचा निकाल, नोकरी मिळण्याचं प्रमाण. नोकरीचा आकडा जवळपास सगळीकडे शंभरच्या आसपास असतो, तो सोडून द्या. परीक्षेचा "अंतिम" निकाल म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुटलेलेही धरून. कॅप्टीची किमान पातळी दोन वर्षांच्या सरासरीत ८५ टक्के आहे. तुम्ही पहिल्या प्रयत्नाचा निकाल मागा. परीक्षा वर्षातून चारदाच होते. एक प्रयत्न हुकला, की तीन महिन्यांचा पगार गेला. ऐंशी हजारांच्या हिशोबाने वीस हजार डॉलर. पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण तर सगळ्यांत आधी बघा. दीड वर्षाने बाहेर पडलेल्याकडे कर्ज असतं, परवाना नसतो, आणि या व्यवसायात अर्ध्या पदवीला काडीची किंमत नाही.

चाळणीतून तीन कॉलेजं उरली असं धरू. आकडे मी हिशोबासाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या कॉलेजचे नाहीत. "क" हे घरच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ: तीन वर्षांची फी ६६ हजार, राहण्याचे ६० हजार, एकूण १,२६,०००. "ख" हे खासगी, नावाजलेलं: शिष्यवृत्ती वजा जाता फी १,०५,०००, राहण्याचे ६० हजार, एकूण १,६५,०००. "ग" हा दोन वर्षांचा हायब्रिड, म्हणजे बराचसा ऑनलाइन, कार्यक्रम: फी एक लाख, राहण्याचे ४० हजार, प्रयोगशाळेच्या सत्रांसाठी विमानाने ये-जा आणि हॉटेल मिळून नऊ हजार, एकूण १,४९,०००.

सगळं कर्ज काढलं, व्याज आठ टक्के. शिकत असतानाही व्याज चढतं, हे लक्षात ठेवा. ते मुद्दलात मिसळो किंवा वेगळं उभं राहो, भरायचं तुम्हालाच. वर्षाच्या सुरुवातीला उचललेली रक्कम शिक्षणभर अधिक सहा महिने व्याज खाते. "क"चं चढलेलं व्याज २५,२००, म्हणजे हप्ता सुरू होताना देणं १,५१,२००. "ख"चं ३३ हजार, देणं १,९८,०००. "ग"चं २३,८४०, देणं १,७२,८४०.

हप्त्याचा एक आकडा पाठ करा: आठ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं, तर दर दहा हजारांना महिना १२१ डॉलर. वीस वर्षांत फेडायचं तर ८४, पण तेव्हा मुद्दलाच्या दुप्पट भरलेलं असतं. दहा वर्षांच्या हिशोबाने "क"चा हप्ता १,८३४, "ख"चा २,४०२. ऐंशी हजारांच्या पगारातून कर जाऊन हातात महिना ५,१५० च्या आसपास येतील असं धरलं, तर "ख" त्यातला जवळपास निम्मा खाऊन टाकतो. "क"लाच घरी राहून वर्षाचे बारा हजार वाचवले, तर हप्ता ५२४ डॉलरने उतरतो. आईच्या हातच्या जेवणाचा हा बाजारभाव आहे, दहा वर्षांसाठी.

आणि "ग"? तो एक वर्ष आधी कमावू लागतो. हातात आलेल्या ६२ हजारांतून राहण्याचे २२ हजार वजा करून ४० हजार कर्जात टाकले, तर "क"चा हप्ता सुरू होईल त्या दिवशी "ग"चं देणं साधारण १,४५,००० वर आलेलं असतं. म्हणजे "क"च्या थोडं खालीच. वर्षाची फी बघितली तर तो सगळ्यांत महाग होता. पण हे गणित मूल वेळेत पूर्ण झालं तरच जमतं. घाईच्या अभ्यासक्रमात एखाद्या विषयात अडकून पुढच्या तुकडीत गेलं, की वाचवलेलं वर्ष गेलं आणि वर खर्च वाढला.

आता कर्जाचा नवा कायदा. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद. आधी खर्चाएवढं कर्ज सरकारकडून मिळायचं. आता पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाखाची मर्यादा. "व्यावसायिक" पदवीला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख. शिक्षण खात्याने नेमलेल्या समितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक पदव्यांच्या ज्या यादीवर एकमत झालं, तीत वैद्यक आहे, दंतवैद्यक आहे, कायदा आहे, कायरोप्रॅक्टिक आहे, धर्मशास्त्रसुद्धा आहे, फिजिकल थेरपी नाही. आत्म्याचा उपचार आत, शरीराचा बाहेर. मी हिशोब त्या यादीप्रमाणे २०,५०० धरूनच करते.

मग वर्षाला खड्डा किती? "क"ला वर्षाचा खर्च ४२ हजार, खड्डा २१,५००. "ख"ला ५५ हजार, खड्डा ३४,५००. "ग"ला ७४,५००, खड्डा ५४ हजार. हा खड्डा खासगी कर्जाने भरायचा, आणि त्यावर सहकर्जदाराची सही लागते. ती सही कोणाची, ते इथे बसलेल्या पालकांना सांगायला नको. खासगी कर्जाला उत्पन्नानुसार हप्ता नाही आणि सार्वजनिक सेवेतली माफीही नाही. ना-नफा रुग्णालयात दहा वर्षं नोकरी करून १२० हप्ते भरले की उरलेलं माफ, ही सोय फक्त संघीय कर्जाला आहे. म्हणजे "ग"चं एकूण गणित छान दिसत होतं, पण त्यातले १,०८,००० खासगी, "क"चे ६४,५००. ज्या घरात बचत आहे त्या घराला "ग" परवडेल. ज्या घरात सगळंच सहीवर काढायचंय, तिथे तोच "ग" पालकांच्या निवृत्तीवर येऊन बसेल.

एक मिनिट उरलंय म्हणे. डिपॉझिट भरायच्या आधी प्रत्येक कॉलेजला ईमेल करा, फोन नको, उत्तर लेखी हवं: सगळी सत्रं धरून एकूण फी किती आणि दरवर्षी किती वाढते, गेल्या दोन तुकड्यांचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल किती, आणि किती जण ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले. उत्तर आठवडाभरात आलं नाही, तर पुन्हा एकदा लिहा. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, पण तेवढ्यासाठी चुकीच्या ठिकाणी जाऊ नका. पाचशे-हजार डॉलर बुडाले तर एक-दोन हप्त्यांत वसूल होतात. "क" आणि "ख"च्या हप्त्यांत महिन्याला ५६८ डॉलरचा फरक आहे, मी वर बोलता बोलता ती वजाबाकी करायची विसरले होते.